पडायची बारी

लग्नाकार्यात लोक माझ्याकडे बघून हमखास थबकतात. "तुम्हाला कुठंतरी पाहिलंय," म्हणतात. मी म्हणतो, पाहिलं असेल. मग ते आपल्या बँकेच्या शाखेचं नाव घेतात, नाहीतर कुणा मेव्हण्याच्या साखरपुड्याचं, आणि तिथं मी नव्हतो हे कळल्यावर उगाच खट्टू होतात. शेवटी घरातली एखादी सून मोबाइलमधून डोकं वर काढते आणि म्हणते, "अय्या, हे ते घोड्यावरून पडणारे!" मग फोटो होतात. माझी सगळी हयात या 'कुठंतरी'त गेली. हिंदी-मराठी सिनेमांत गेली, मालिकांत गेली, आणि राजस्थानच्या वाळूत येऊन गोऱ्यांनी काढलेल्या रुंद टोप्यांच्या आणि पिस्तुलांच्या सिनेमांतही गेली. मी डाकू झालो, शिपाई झालो, मोगल झालो आणि त्याच आठवड्यात मावळाही झालो. कपडे बदलायचे, मरण तेच. बहुतेक वेळा मध्यंतराच्या आतच माझा निकाल लागायचा. आता वयामुळं घोड्यावरून पडणं बंद झालंय. आता मला गुत्त्याचा मालक करतात आणि कोपऱ्यात ग्लास पुसत बसवतात. माझी तक्रार नाही. ग्लास मी फार मन लावून पुसतो.

आमचं घर कुरुळीत, गावाच्या अगदी टोकाला. त्याच्या पुढं माळ सुरू व्हायचा तो थेट डोंगरापर्यंत. आज तिथं कंपनीचं पार्किंग आहे आणि कोऱ्या गाड्या ऊन खात ओळीनं उभ्या असतात. कंटेनर वळताना मागं येतो तेव्हा त्याचा टीं-टीं आवाज माझ्या गॅलरीपर्यंत येतो. तेव्हा तिथं बाभळी, कुसळं आणि आमची घोडी होती. घोडीचं नाव चिमणी. चांगली थोराड, तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. तिला चिमणी का म्हणायचे ते कुणालाच सांगता यायचं नाही. तिचा गोठा आणि आमचं स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच भिंत. पहाटे आई भाकरी थापायला बसली की इकडून थापण्याचा आवाज आणि तिकडून चिमणीच्या टापांचा. आई थांबली की चिमणीही थांबायची. आई म्हणायची, "माझ्यापरीस हिलाच भुकेची घाई." पहिली भाकरी भिंतीपलीकडं जायची, दुसरी तात्यांना, मग आम्ही. सोबत खर्डा, नाहीतर कालचं पिठलं, आणि कांदा मात्र भरपूर. आई चाकणच्या मार्केटात कांदा निवडायला जायची, त्यामुळं आमच्या घराला, अंथरुणाला आणि मला वाटतं शाळेच्या पाटीलाही कांद्याचा वास होता. जत्रेला मात्र मासवडी व्हायची. आईच्या मासवडीच्या रश्शानं पाहुण्यांच्या कपाळाला घाम आला नाही, तर तिला रश्शात काहीतरी कमी पडल्यासारखं वाटायचं.

तात्या म्हणजे माझे वडील. शेती बेताची, पण पंचक्रोशीत नाव मोठं, आणि ते चिमणीमुळं आणि चिमणीच्या आधीच्या घोड्यांमुळं. आमच्याकडं बैलगाड्यांच्या शर्यतीत गाड्यापुढं एक घोडी पळते. घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या रस्त्यावर, बैल त्या घोडीच्या मागं जीव तोडून धावतात. अशा एका धावेला बारी म्हणतात. घोडीवर जो बसतो त्याच्या मागं हातभर अंतरावर बैलांची शिंगं असतात आणि त्यांच्या मागं गाड्याची चाकं. तो पडला तर काय होतं, हे सांगायला नको. तात्या कधी पडले नव्हते. एकदाही नाही. लोक त्यांच्या नावाआधी ते लावायचेच : 'न पडलेले सोपानतात्या'. लग्नाच्या पत्रिकेत छापलं नाही एवढंच. बारीच्या दिवशी आई घाटावर कधीच जायची नाही. आम्ही परत येऊन अंगणात घोडी बांधेपर्यंत ती चूल पेटवायची नाही. तात्या आले की ती त्यांच्या पाठीमागून एक फेरी मारायची, कपड्याला माती आहे का ते बघायची, आणि मगच काडी ओढायची. मी मिसरूड फुटल्यावर घोडीवर बसायला लागलो तेव्हा तात्यांनी घोडीला मांड्यांनी आवळून धरायची मांड दाखवली आणि एवढंच शिकवलं, "मांड सोडायची न्हाई. जीव गेला तरी न्हाई. बाकी घोडीला समदं कळतं."

आता यात सिनेमा कुठून आला? तर चाकणला कांदा मार्केटच्या मागं तंबूचं टॉकीज लागायचं. तिथं अधूनमधून हिंदीत बोलणारे इंग्रजी सिनेमे यायचे. सगळा धुरळा, घोडे आणि पिस्तुलं. भाषा, गोष्ट, गाव कशाशीच आपला संबंध नाही, पण घोडे होते, त्यामुळं आम्ही सगळे पुढं बसायचो. पोरं हिरोसाठी शिट्ट्या मारायची. माझा जीव जडला तो एका भलत्याच माणसावर. त्याचं नाक मधोमध मोडून एका बाजूला गेलेलं होतं. एका सिनेमात तो घोड्यांना नाल ठोकत होता, दुसऱ्यात शवपेट्या बनवत होता, तिसऱ्यात डाकूंच्या टोळीत मागच्या रांगेत होता. त्याला दोन वाक्यं असायची आणि एक गोळी. पण तो आला की मला वाटायचं, हा माणूस इथंच राहतो. हिरो सिनेमापुरता गावात आलाय, आणि हा मात्र सिनेमा संपल्यावरही उद्या सकाळी नाल ठोकायला येणार. मी त्याला वाकडनाक्या म्हणायचो. त्याचं खरं नाव मला कधीच कळलं नाही. हल्ली नातू फोनवर शोधून देतो म्हणतो, पण मीच नको म्हणतो. वाकडनाक्या घोड्यावरून पडला की तंबूत टाळ्या पडायच्या आणि मी मनातल्या मनात म्हणायचो, काय पडला राव! असं काही आपल्याला करता आलं पाहिजे.

बोलायचं कुणाजवळ? तोवर चाकणला कंपन्या यायला लागल्या होत्या. मी एका प्रेस शॉपमध्ये हेल्पर म्हणून लागलो होतो. पत्रा उचलायचा, मशीनखाली धरायचा, बाजूला ठेवायचा. शिफ्ट संपली तरी कानात तोच धाडधाड आवाज. सुपरवायझर चांगला होता, कँटीन चांगलं होतं, घरचे खूश होते. मीच नव्हतो. त्या वर्षी आमच्या जत्रेच्या घाटात एक चष्मेवाला तरुण भेटला. दिघीचा सुहास. वडील सरकारी नोकरीत, आणि हा मुंबईला सिनेमात असिस्टंट. त्यांची मंडळी हिंदीत एक काऊबॉयचा सिनेमा काढत होती, आणि आमचा माळ कॅमेऱ्यातून थेट परदेशासारखा दिसतो असा त्यांना शोध लागला होता. सुहास मला म्हणाला, "तुम्ही घोडी काय पळवता हो! आमच्याकडे डाकूचा एक रोल आहे. भरधाव यायचं, गोळी लागते, पडायचं. एवढंच. पण मास्टरजींना आवडलात, तर युनिटबरोबर पुढे जाल. पुढचं शूटिंग बाहेरगावी आहे, आणि घोड्यावरची माणसं आम्हाला कमीच पडतात."

मी फक्त 'पुढे जाल' एवढंच ऐकलं. 'पडायचं' हा शब्द कानावरून गेला, आत शिरलाच नाही.

शूटिंगच्या दिवशी अख्खं गाव माळावर. आमच्या लोकांना घोडी पळणार म्हटलं की घाटच दिसतो. बांधावर बायका बसल्या, पोरं बाभळीवर चढली, आणि घाटात माईकवरून पुकारणारे नामदेवअण्णा स्वतःचा भोंगा आणि बॅटरी घेऊन हजर झाले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पण बारी आहे आणि पुकारा नाही, हे त्यांना पटण्यासारखंच नव्हतं. तात्या चिमणीला घेऊन आले होते, धुवून, खरारा करून, आयाळीला तेल लावून. मास्टरजी म्हणजे मारामाऱ्या बसवणारे उस्ताद, गेंड्यासारखी मान आणि आवाज मात्र बारीक. त्यांनी मला काळं जाकीट आणि रुंद टोपी चढवली, माळावर एका जागी माती खणून भुसभुशीत करून त्यात भुसा कालवला होता ती जागा दाखवली आणि म्हणाले, "गोली की आवाज़ आएगी, तू यहाँ गिरेगा. बस. आराम से."

"अ‍ॅक्शन" झालं. मी चिमणीला टाच मारली. तिनं गर्दी बघितली, नामदेवअण्णांचा आवाज ऐकला, आणि तिला वाटलं, बारी सुरू. अशी सुटली, की टोपी उडाली. ठो करून आवाज आला. मी मातीच्या त्या जागेवरून गेलो. पलीकडं गेलो. बाभळीही मागं पडल्या. आणि काय झालं ते मला अजून सांगता येत नाही, पण सवयीनं, घाटाची रेघ ओलांडल्यावर करतात तसा, माझा उजवा हात आपोआप वर गेला. तिकडून नामदेवअण्णांनी आरोळी ठोकली, "झाली हो झाली! बबनची बारी झाली!" गावानं एकच गिल्ला केला आणि कुणीतरी गुलालाची पिशवीच उधळली. डोक्यात गोळी लागलेला डाकू गुलालानं माखून, हात वर करून, हसत हसत कॅमेऱ्यासमोर परत आला. दिग्दर्शक छत्रीखाली खुर्चीत बसले होते. त्यांनी चष्मा काढून पुसला.

चिमणीला धुण्यात बराच वेळ गेला. मग पुन्हा केलं, आणि पुन्हा तेच झालं. हात वर गेला नाही एवढीच सुधारणा. गोळीचा आवाज आला की माझ्या मांड्या सुटण्याऐवजी आणखी आवळायच्या. डोक्यानं म्हणायचो, सोड; पाय म्हणायचे, जीव गेला तरी न्हाई. आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बांधावर तात्यांचं पांढरं धोतर दिसायचं. शेवटी मास्टरजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बेटा, तू घोड़े पे बहुत अच्छा है. पर मुझे तो मरनेवाला चाहिए." सुहास जवळ येऊन हळूच म्हणाला, "जेवणानंतर एकदा घेऊ, बबनराव. नाही जमलं तर उद्या मुंबईहून माणूस येतोय. माझाही इलाज नाही." मला पत्र्याची मशीन दिसायला लागली. सोमवारी सकाळची शिफ्ट होती.

जेवणाच्या सुट्टीत मी बाभळीखाली जाऊन बसलो. तात्या फडक्यात बांधलेली भाकरी घेऊन आले, समोर उकिडवे बसले आणि कांदा फोडून माझ्या हातावर ठेवला.

"काय व्हतंय तुला?"

"पडता येत न्हाई, तात्या."

"पडाया काय यावं लागतं? मांड सोडली की मानूस पडतोय."

"तीच सुटत न्हाई. तुमी तिथं बांधावर हाय ना."

तात्यांनी घास तोंडाजवळ नेलेला खाली आणला. "मी हाय म्हनून? मग मी जातो की घरला."

"तुमी जाल. गाव कुठं जातंय? सोपानतात्यांचं पोर घोडीवरनं पडलं, असं उद्या म्हनतीलच की."

"म्हनतील," तात्या म्हणाले. त्यांना खोटा धीर देता यायचा नाही. मग त्यांनी विचारलं, "तुला ह्ये काम पायजे का? कंपनीपरीस?"

"समद्यापरीस पायजे, तात्या." एवढं सरळ मी त्यांच्याशी कधी बोललो नव्हतो.

तात्यांनी भाकरी फडक्यात गुंडाळली, हात झाडले आणि उठले. मला वाटलं, घरी निघाले. पण ते चिमणीपाशी गेले, तिच्या मानेवर थाप मारली आणि धोतराचा काष्टा आवळून वर बसले. घोडी त्यांनी माझ्या हाती दिल्यापासून त्यांना बसलेलं कुणी बघितलं नव्हतं. बांधावर गलका झाला. म्हाताऱ्यांनी टोप्या सारख्या केल्या. नामदेवअण्णांनी घाईघाईनं भोंगा चालू केला, "सोपानतात्या बसले! न पडलेले सोपानतात्या!" तात्यांनी चिमणीला लांब नेलं, वळवलं आणि सोडलं. काय बैठक होती! मला तेव्हाही हेवा वाटला आणि आजही वाटतो. घोडी भरधाव आली, सगळ्या गावाच्या समोर आली, आणि तात्यांनी मांड सोडली.

ते पडले. भुसभुशीत मातीवर पडायचं असतं, हे त्यांच्या ध्यानातच आलं नसावं, सवय नव्हती. चांगले दोन वाव अलीकडं, कडक ढेकळात पडले आणि गडगडत गेले. भोंग्यातून नुसती खरखर येत होती. चिमणी पुढं जाऊन थांबली, मागं वळून बघितलं, आणि सावकाश परत येऊन तात्यांचा खांदा हुंगायला लागली. तिलाही हे नवीन होतं. मी धावलो, मास्टरजी धावले, पण आम्ही पोचायच्या आत तात्या उठून बसले होते आणि आपली टोपी शोधत होते. नामदेवअण्णांना काय पुकारावं ते सुचेना. शेवटी त्यांच्या तोंडून कसंबसं निघालं, "तात्या पडले वो..."

तात्यांनी टोपी झटकली, डोक्यावर ठेवली. मुद्दाम पडलो, असं एका शब्दानंही ते गावाला बोलले नाहीत. माझ्या हातात लगाम दिला आणि म्हणाले, "झालं न्हवं? आता काय ऱ्हायलं न्हाई बघ. जा, तुझी बारी हाय."

मी घोडीवर बसलो तेव्हा मला रडू येत होतं. कॅमेऱ्यात ते दिसू नये म्हणून टोपी खाली ओढली. ठो झालं, आणि माझे पाय सुटले. आभाळ खाली आलं, माती वर गेली, नाकातोंडात भुसा गेला, आणि मी मेलो. इतका छान मेलो की उठायचंच विसरलो. मास्टरजींचा तो बारीक आवाज ऐकू आला, "कट! ये लड़का मेरा है!" दिग्दर्शकांनी त्या दिवशी पहिल्यांदा टाळी वाजवली. गाव मात्र टाळ्या वाजवायला तयार नव्हतं. बाप पडला, लेक पडला, यात टाळ्या कसल्या वाजवायच्या? पण एकदम सगळ्यांनी मिळून हसायला सुरुवात केली, आणि ते बरं वाटलं. त्यानंतर तात्यांना कुणीही 'न पडलेले' म्हटलं नाही. गावात अजूनही काही म्हातारे आहेत, जे ठामपणे सांगतात, की त्या दिवशी तात्या खरोखरच पडले, वय झालं होतं, घोडी आवरली नाही. मी पहिल्या पहिल्यांदा भांडायचो. तात्यांनीच मला गप्प केलं. म्हणाले, "म्हनू दे की. पडलोच हाय न्हवं."

घरी आलो तेव्हा दिवस कलला होता. चूल गार होती. आई दारातच उभी होती. रिवाजाप्रमाणं तिनं तात्यांच्या मागून फेरी मारली आणि जागच्या जागी थांबली. सदऱ्याची पाठ मातीनं भरली होती, खांद्यावर फाटला होता. तिनं माझ्याही मागं येऊन बघितलं. तिथंही तेच.

"अवं, पडलात?" तिचा आवाज ओळखू येईना.

"पडलो," तात्या म्हणाले. "पोराला दावायचं व्हतं."

आई रडेल असं मला वाटलं. ती हसायला लागली. पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं, आणि मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. किती वर्षांची भीती होती ती, आणि तिचं हे असं झालं होतं. मग पदरानंच डोळे पुसून तिनं विचारलं, "लागलं का वो?" हा प्रश्न तिला त्यांना आजवर कधी विचारायलाच मिळाला नव्हता. आणि तात्या, ज्यांनी आजवर काटा रुतला तरी सांगितलं नव्हतं, अगदी लहान आवाजात म्हणाले, "लागलंय गं. लई लागलंय."

तिनं चूल पेटवली, विटा तापवल्या, फडक्यात गुंडाळल्या, आणि आम्हा दोघांना ओसरीवर शेजारी शेजारी पालथं पाडलं. एकदा त्यांची पाठ, एकदा माझी, असं शेकत बसली. प्रत्येक वेळी वीट टेकली की आम्ही दोघंही विव्हळायचो आणि ती म्हणायची, "शाबास, आता पडा आनखी." तात्यांचा चेहरा माझ्याकडं होता, गाल चटईवर दाबलेला. मला वाटलं, त्यांचा डोळा लागला. उद्या मी युनिटबरोबर जाणार हे त्यांना सांगायचं राहिलं होतं, आणि कसं सांगावं ते मी जुळवत होतो.

"बबन," ते म्हणाले.

"व्हय तात्या."

"माझं पडनं जरा कच्चंच झालं." मग घाटातल्या बारीचा निकाल सांगावा तितक्या गंभीरपणे ते म्हणाले, "तू माझ्यापरीस चांगला पडला."